मुंग्या

परवा अजून एक डबा परत आला.
साखर पेठेतल्या श्रीपत्तीकाकूंनी स्वतः आणून दिला,
पुसून, रिमोटला रबर लावून,
सोबत गेल्या महिन्याचे राहिलेले नव्वद रुपये.
म्हणाल्या, "पोरानं टीव्हीत वायफाय घातलंय. रागावू नका."
रागावतो कुठं.
पोत्यात आता एकशे साठ डबे झालेत,
काहींच्या आत झुरळांचे संसार,
ऊब बघून आलेले.

आमचं चॅनल म्हणजे काय,
गच्चीवरची पत्र्याची खोली
आणि लग्नाच्या शूटिंगमधून सुटला तर कॅमेरा.
मी वायर हलवत वरून ओरडायचो, "येतंय का बे चित्र?"
खालून यल्लप्पा, "मुंग्या हायत अजून!"

पण रविवारी विडी घरकुलच्या मैदानात कबड्डी असली
की मी मराठीत सुरू करायचो,
चढाईला येमुल किंवा गुंडेली निघाला की तेलुगूत शिरायचो,
आणि पकड बसली की तोंडातून कानडी निघायची.
कुणी शिकवलं नाही. गल्लीच तशी बोलते.
मध्येच टॉवेलच्या दुकानाची जाहिरात,
मध्येच, पाकीट सापडलंय, निळं,
आत देवाचा फोटो आणि बारा रुपये.
घराघरात बायका सूप मांडीवर घेऊन बघायच्या.
विडी वळणारे हात थांबत नसतात,
पण शेवटच्या मिनिटाला
पान कापणारी कात्री उघडीच राहायची.

मग सामने फोनमध्ये गेले.
तिथं बारा कॅमेरे, घामाचा थेंबसुद्धा सावकाश पडतो.
मीही बघतो, खोटं कशाला बोलू.
छान दिसतं.
फक्त त्यात आपलं कुणी पडत नाही.

आता यल्लप्पाचा नातू मैदानात काठीला फोन बांधतो.
लाइव्ह. बघणारे चौदा.
त्यातला एक मी.
आवाज कुणाचाच नाही,
वारा, लांबून मागाची खटखट,
आणि एक कुत्रं, तेही कंटाळलेलं.

काल अंबादास येमुलची मुलगी आली.
दोन हजार चारची फायनल हवी होती,
पाच जणांना अंगावर घेऊन त्यानं रेषेला बोट लावलं, ती.
"बाबांना आता माझं नाव आठवत नाही," म्हणाली,
"पण झोपेत हात असा लांब करतात."

कॅसेट सापडली. वर माझंच अक्षर.
आत कुणा कोंडाचं लग्न.
तेव्हा कॅसेट महाग होती,
आम्ही एकावर एक भरत होतो,
सामन्यावर लग्न, लग्नावर गणपती.
पोरगी काही बोलली नाही.
आम्ही दोघांनी दीड तास ते लग्न बघितलं,
अक्षता, पंगत, रुसलेला मामा.
मग निळी पट्टी,
आणि तिच्या पलीकडं अकरा सेकंद:
चढाई नाही. चढाई होऊन गेलेली.
धूळ, पोरं आत धावलेली,
अंबादास उठतोय, गुडघ्याची माती झटकतोय,
आणि माझा आवाज, तीन भाषा एकदम,
एकही शब्द कळत नाही.

तिनं ते फोनवर उतरवून घेतलं. दोनदा.
कॅसेटचे पैसे देऊ लागली. मी नको म्हटलं,
मग चहाचे तरी घ्या म्हणाली, ते घेतले.

रात्री तिचा मेसेज:
बाबांनी बघितलं.
म्हणाले, मुंग्या लई हायत.

सकाळी पक्कड घेऊन गच्चीवर गेलो.
वायर तोडून भंगारात द्यायची, ठरलेलंच होतं.
पण शेजारच्या गच्चीपर्यंत ती ताणलेली,
आणि तिच्यावर कुणीतरी ओली चादर टाकलेली,
जड, मोरांची,
अजून पाणी गळत असलेली.
म्हटलं, वाळू दे.